रात्री कूस किती वेळा बदलली?

कबूल करून टाकते. दिग्रसच्या एका माणसाच्या डोक्यात डॉक्टरांनी मोठ्या कष्टानं यंत्र बसवलं होतं, आणि ते रोज रात्री बंद करून झोपा असं मी त्याला सांगितलं. का, तर सेल वाचेल म्हणून. त्या बिचाऱ्यानं तेरा रात्री माझं ऐकलं.

तेव्हा मी लहान होते. एकोणसाठ वर्षांची. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. छत्तीस वर्षं वॉर्डात काढल्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं असा त्या पोरीचा पक्का समज होता. आज अडुसष्टाव्या वर्षी तिच्याकडे वळून पाहते तेव्हा तिचा कान पिरगाळावासा वाटतो. पण कान तोच आहे, आणि आता त्याला ऐकूही कमी येतं.

निवृत्तीनंतर मी घरी बसले तर सुनेच्या फोडणीत लक्ष घालेन, ही धास्ती घरातल्या सगळ्यांनाच होती. त्यामुळे यवतमाळातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी "सिस्टर, माझ्याकडे येता का?" असं विचारलं, तेव्हा माझ्याआधी माझ्या मुलानंच हो म्हटलं. डॉक्टर माझ्या मुलाच्याच वयाचे. त्यांच्याकडे कंपवाताचे बरेच रुग्ण. त्यातल्या थोड्यांचं नागपूरला डोक्याचं ऑपरेशन झालेलं असायचं. ऑपरेशन तिकडे, पण त्यानंतरची देखरेख आमच्याकडे.

हे ऑपरेशन म्हणजे काय, हे मला बसमध्ये शेजारी बसलेल्या बायांनाही सांगावं लागायचं, तेव्हा इथंही सांगते. मेंदूत दोन्ही बाजूंनी खोलवर एकेक बारीक तार सोडतात. त्या तारा कातडीखालून मानेवरून खाली आणतात आणि गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीहून जरा मोठी एक डबी बसवतात. तिच्यात सेल असतो. त्या डबीतून मेंदूच्या एका ठरावीक जागी सतत अगदी हलका करंट जात राहतो. आजार बरा होत नाही. पण बिघडलेला ताल जरा जाग्यावर येतो, हातपाय मोकळे होतात, गोळ्या कमी लागतात. करंट किती ठेवायचा ते डॉक्टर बाहेरून ठरवतात. रुग्णाकडे टीव्हीच्या रिमोटसारखं एक छोटं यंत्र असतं, त्यावर चालू-बंदचं बटण असतं. माझं सगळं पाप या बटणाशी आहे.

आणि माझं काम होतं झोपेचं.

लोकांना वाटतं कंपवात म्हणजे हात थरथरणं. ते दिसतं म्हणून. पण रुग्णाला आणि घरच्यांना पिळून काढतो तो ताठरपणा, आणि तो रात्री जास्त. तुम्ही-आम्ही झोपेत कितीदा कूस बदलतो, आपल्याला पत्ताही नसतो. या माणसाला कूस बदलता येत नाही. डोकं म्हणतं वळ, अंग म्हणतं नाही. तो तसाच उताणा जागा राहतो, आणि मग शेजारी झोपलेलीला हाक मारतो. ती उठते, त्याला वळवते, पांघरूण घालते, पुन्हा आडवी होते. तास-दोन तासांनी पुन्हा हाक. पहाटे पायाची बोटं आत वळून गोळा येतो, तो वेगळाच. ऑपरेशननंतर यातलं बरंचसं सुधारतं. किती सुधारतं आणि काय सुधारत नाही, हे रुग्णाच्या घरी जाऊन वहीत लिहून आणायचं, हे माझं काम. कधी आडवे झाला, कधी डोळा लागला, कितीदा उठला, कूस किती वेळा बदलली, सकाळी अंग कसं होतं. गावोगावच्या पोरासोरांना मी ठाऊक झाले होते. मी दिसले की ओरडायची, "झोपवाली बाई आली."

लोक वही कशी भरतात, हाही एक अभ्यासच. वणीकडचे एक निवृत्त गुरुजी होते. मंगळवारी मी गेले तर त्यांची वही रविवारपर्यंत भरलेली, सुंदर अक्षरात.

"गुरुजी," मी म्हटलं, "शुक्रवारी रात्री तुम्ही दोनदा उठलात?"

"उठणार आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आयुष्यभर टाचण आधीच काढलं, सिस्टर. तपासणीला कोण कधी येईल, काय सांगता येते?"

गंमत अशी की शुक्रवारी ते दोनदाच उठले. मी नंतर विचारून घेतलं.

तर आता दिग्रस. उत्तमराव ट्रक ड्रायव्हर. जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या आणि दूरदूर पोचवायच्या, यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. मग हात थरथरायला लागला, पाय अडखळायला लागला, आणि गाडी सुटली. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते, आणि त्यांची बायको कमलबाई त्यांच्याहून म्हातारी दिसत होती. सहा वर्षं ती बाई एका दमात झोपली नव्हती. ऑपरेशनच्या आधी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चहा गाळता गाळता ती उभ्या उभ्या डुलकी घेत होती. चहा ओट्यावर सांडला, तिला कळलं नाही. मी गाळणी धरली.

त्यांची एकुलती लेक प्रतिभा पुसदला दिलेली. तिला दिवस गेले होते, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. पण कमलबाईंनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

"इकडे यायले रात्री पाच येळा वळवा लागते," त्या नवऱ्याकडे मान करून मला म्हणाल्या. "तिकडे लेकरू रडन. मी कोणाकडे पाहू, सिस्टरबाई? माह्या लेकीचं बाळंतपण सासूच्या हातानं व्हाचं असन तं होऊ द्या." हे म्हणताना त्यांनी पदर तोंडाला लावला नाही की काही नाही. रडायलाही जागं असावं लागतं.

ऑपरेशन झालं. करंट जुळवायला दोन-तीन फेऱ्या झाल्या. आणि महिनाभरानं मी दिग्रसला गेले तर दारातच कमलबाई हसत उभ्या. "जय भीम, सिस्टरबाई. या. हे आपल्या आपण पलटून राह्यले." एखादीनं लेकरू पालथं पडलं म्हणून सांगावं, त्या सुरात. वहीत लिहिलं होतं, रात्री एकदाच उठले, लघवीला, तेही आपणहून. कमलबाईंनी पुसदला फोन करून लेकीला बोलावून घेतलं होतं. सातव्या महिन्यात यायचं, ओटी इथंच भरायची, बाळंतपण इथंच.

कमलबाई चहा ठेवायला आत गेल्या, आणि माझ्यातली एकोणसाठ वर्षांची पोरगी कामाला लागली.

उत्तमरावांनी उशाखालून रिमोट काढला. "सिस्टर, एक इचारू? झोपलो की माहा हात थरथरत नाई. आधीपासूनच नाई. मंग रात्रभर हे कायले चालू ठेवाचं? गाडी उभी असली तं इंजिन चालू ठेवते का कोणी?"

वाचकहो, काय प्रश्न होता. मला तर तो माणूस वाया गेलेला इंजिनिअर वाटला. झोपेत थरथर थांबते हे मला वॉर्डातून ठाऊक होतंच. सेल संपला की पुन्हा कातडी उघडून नवी डबी बसवावी लागते, हेही ठाऊक होतं. म्हणजे रात्री बंद ठेवलं तर पुढचं ऑपरेशन दोन-तीन वर्षं लांबणीवर. डॉक्टरांना हे कसं सुचलं नाही, याचं मला मनातून जरा वाईटच वाटलं.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "दहाला बंद करत जा, सकाळी उठलात की चालू."

"सांगू काय हिले?"

"कशाला? उगीच घाबरतील."

"हो. तिले वाटन मशीन बंद म्हणजे मी बंद."

आम्ही दोघं हसलो. चहा आला. यवतमाळला परतताना बसमध्ये मी इतकी खूश होते की शेजारच्या बाईला खिडकी दिली.

डॉक्टरांना विचारायला हवं होतं. एक फोन. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीचा एक तोटा असतो, फोन करायला हात उचलत नाही.

तेरा दिवसांनी दोघं दवाखान्यात आले, तारीख नसताना. उत्तमराव दिवसा बसल्या जागी पेंगत होते. कमलबाईंचा चेहरा पुन्हा जुना झाला होता. त्यांनी मला बाजूला ओढलं. "महिनाभर चाललं ना, बाई, अन् गेलं. पहिल्यावानीच लाकूड होऊन पडते रात्री. पाय वाकडा होते. पाच येळा उठतो मी." मग म्हणाल्या, "पुसदले कळवलं, नोको येऊ म्हणून."

मी त्यांच्या हातातला केसपेपर घेतला.

डॉक्टर करंट तपासायला फक्त रुग्णाला आणि मला आत घेत. कमलबाई बाहेर बाकावर. डॉक्टरांनी त्यांचं यंत्र उत्तमरावांच्या छातीजवळ धरलं, आणि मग पडद्याकडे पाहतच राहिले. ती डबी सगळं लिहून ठेवते, हे मला ठाऊक नव्हतं. केव्हा चालू, केव्हा बंद. रोज रात्री दहाला बंद.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टर सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "थरथर झोपते हो, ताठरपणा झोपत नाही. तुम्हाला कूस बदलता येते ती या करंटमुळे. रात्रीच तर त्याचं खरं काम. दुखणाऱ्या माणसाचं औषध रात्री काढून घेतं का कोणी?"

उत्तमरावांनी माझ्याकडे बघितलं. एकच क्षण. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "माह्यंच डोकं, सर. ड्रायव्हरचं डोकं. चुकलं."

आणि मी काय केलं? मी केसपेपरला टाचणी लावली. एक लावलेली होती, तरी दुसरी लावली.

बाहेर आल्यावर त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, "नंबर चुकला होता. सरनं बसवून देला." मी ऐकत उभी होते. तिथंही बोलले नाही. त्या रात्री पाठ टेकली, तशी मी दोन्ही कुशी मोजल्या. करंट न लावता.

पंधरा दिवसांनी दिग्रसला गेले. यंत्र आता रात्रंदिवस चालू होतं. वही उघडली तर त्यांचे सगळे रकाने चांगले. मी म्हटलं, वा. कमलबाई म्हणाल्या, "यायचं लिवलं तुम्ही. माह्या झोपेचं कुठी लिवता?"

खरंच जागा नव्हती. मी पट्टीनं एक रेघ मारून नवा रकाना केला आणि वर 'कमलबाई' लिहिलं. तेव्हापासून मी प्रत्येक वहीत ती रेघ मारत आले. वळवणारं माणूस किती झोपलं ते आधी विचारते, वळणारं मग. रुग्ण 'ठीक' म्हणतो, उठणारी बाई खरं सांगते.

तर कमलबाईंचा रकाना. वळवायला एकदाही उठल्या नव्हत्या. पण दर दोन-तीन रात्रींनी एक फुली.

"ही कशाची?"

"लाथ," त्या म्हणाल्या. "झोपेत गाडी चालवते न हे. ब्रेक मारते माह्या पोटरीवर."

"समोर म्हैस आलती," उत्तमराव खाटेवरून म्हणाले.

"दर खेपेले म्हैसच कशी येते? अन् आली तं हॉर्न वाजवा, लाथ कायले मारता?"

"वाजवतो न हॉर्न."

"वाजवते बाई, खरंच," त्या माझ्याकडे वळल्या. "'ए हट, ए हट' करते. शेजारच्या घरी आयकू जाते. मशीनची पावर डोक्यात चढली काय हो?"

या वेळी मी तोंड उघडायच्या आधी फोन उचलला. एकोणसाठ वर्षांची असले तरी एक धडा शिकले होते. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. स्वप्न पडत असताना मेंदू आपल्या अंगाला कुलूप लावून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणात पडून राहतो. या आजारात ते कुलूप सैल होतं, पुष्कळदा हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी. करंट त्या कुलपापर्यंत पोचत नाही. झोप सुधारते, कूस बदलते, पहाटेचा गोळा कमी होतो. हे मात्र बहुतेकांचं तसंच राहतं.

मी कमलबाईंना विचारलं, "हा ब्रेक कधीपासूनचा?"

त्या बोटं मोजायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "प्रतिभा शाळेत होती तवापासून. हात तं मागून थरथराले लागला." मग नवऱ्याकडे पाहिलं. "मी समजो गाडीचा थकवा हाय."

"थकवाच होता," उत्तमराव म्हणाले. "म्हशी लय होत्या त्या रस्त्यानं."

त्यावर उपाय साधा होता. खाटा वेगळ्या करा, त्यांची भिंतीला लावा, बाजूला खाली गादी टाका, जवळ काचेचं-लोखंडाचं काही ठेवू नका. झोपताना घ्यायची एक गोळी डॉक्टरांनी दिली, त्यानं म्हशी कमी झाल्या. अगदी गेल्या नाहीत. मी कोणालाच सांगत नाही की यंत्र बसवलं म्हणजे सगळी झोप परत येते. कोणाला करंट वाढवला तर डोळे टक्क उघडे राहतात, कोणाला गोळ्या कमी झाल्या की पाय वळवळतात, मग पुन्हा जुळवाजुळव. पण सहा वर्षं न झोपलेल्या घरात सलग चार तास म्हणजे काय, हे मी त्या घरात पाहिलं.

आता एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं, आता लेक येणार. मी सहज विचारलं, "प्रतिभा कधी येते?"

कमलबाई भांडी आवरत होत्या. "नाई येत."

"का हो? आता तर सगळं नीट आहे."

"आता हाय. महिनाभर तवाही होतं." त्यांनी पातेलं पालथं घातलं. "ते मशीन महिना चालते अन् बसते, सिस्टरबाई. आता सरनं नंबर बसवला. पुन्हा चुकन. लेक अवघडलेली आली अन् हे पुन्हा लाकूड झाले, तं मी काय करू? सातव्याची ओटीही भरली नाई मी तिची. तिकडंच भरली सासूनं. फोटो पाठवले."

त्यांनी मला मोबाईलवर फोटो दाखवले. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाच प्रकारचे भात. पोरगी हसत होती, पण फोटो काढणाऱ्यासाठी हसतात तसं. मी तो मोबाईल हातात धरून बसले. या घरात अजून एका गोष्टीचा उपाय राहिला होता, आणि तो डॉक्टरांना फोन करून मिळणारा नव्हता.

खाटेवरून उत्तमरावांनी मान हलवली. नाही म्हणून. राहू द्या, असं.

"कमलबाई," मी म्हटलं, "मशीन बसलं नव्हतं. नंबरही चुकला नव्हता. मी त्यांना रोज रात्री ते बंद करायला सांगितलं होतं. तुम्ही चहा करत होता तेव्हा. मला वाटलं सेल वाचेल. डॉक्टरांना विचारलं नाही. दवाखान्यात डॉक्टर रागावले तेव्हा यांनी स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं."

सगळं एका दमात बोलले, कारण मध्ये थांबले असते तर पुन्हा टाचणी शोधली असती.

कमलबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुमाले माहीत होतं?"

"तिसऱ्या रात्री शक आल्ता," उत्तमराव म्हणाले. "पण सिस्टर म्हणते म्हणल्यावर बरोबरच असन न."

"मंग सरसमोर काहून नाई सांगतलं यायचं नाव?"

"गाडी मागं घेतांनी क्लीनर 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणते अन् गाडी भिंतीले लागते," ते म्हणाले. "पण स्टिअरिंग तं माह्याच हाती होतं. अन् क्लीनर म्हातारी."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी क्लीनर म्हटलं नव्हतं. मी मान खाली घातली. म्हातारी म्हटल्याचं मात्र त्या अवस्थेतही थोडं लागलं.

कमलबाईंनी माझ्या हातातून मोबाईल घेतला. दाराशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. पलीकडून आवाज आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "प्रतिभा, उद्याच्या गाडीनं ये वं. जवाईबापूले सोबत घे. नाई, आता नाई बिघडत. का बिघडलं होतं ते मले समजलं." मग डोळे पुसत ऐकत राहिल्या, आणि मला वाटलं आता त्या मला घराबाहेर काढणार. काढलं असतं तरी मी ब्र काढला नसता.

फोन ठेवला, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या:

"मशीन चांगलंच होतं, सिस्टरबाई. बिघडल्या तं तुम्ही होत्या. आता बाळंतपणात पाच दिस इथं मुक्कामाले या. रात्री लेकरू तुम्ही घ्याचं, यायले मशीन सांभाळन, अन् मी झोपतो."